हेवी ड्युटी कनेक्टरचा ग्लँड निवडताना काय बघायचं? (केबल खेचली जाऊन अपघात होता होता वाचला)

भोसरी_पाना

मंडळी, ग्लँडबद्दल (केबल कनेक्टरमध्ये शिरते तिथे तिला धरणारा आट्यांचा भाग) मदत हवीय आणि जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

गेल्या आठवड्यात आमच्या शॉपमध्ये एका पोराला झटका बसला. १९ वर्षांचा आहे, आयटीआय करून नुकताच अप्रेंटिस लागलाय. ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) होता, तो पडला म्हणून निभावलं. पोरगं तासाभरात चहा घेऊन परत कामाला लागलं पण मला दोन रात्री झोप नाही, कारण ते वायरिंग माझ्या देखरेखीखाली झालेलं आहे.

भोसरीत आमचं छोटं युनिट आहे, एसपीएम, म्हणजे एकाच खास कामाची मशीन, बनवतो. हे मशीन म्हणजे पार्ट धुवायचं वॉशिंग मशीन, त्याला एक फिरती ट्रॉली. पॅनलमधून दोन केबली ट्रॉलीकडे जातात आणि दोन्हीच्या टोकाला चौकोनी मेटल हुडचे (म्हणजे धातूच्या कवचाचे) कनेक्टर आहेत, ज्याला आपल्याकडे मेक कुठलाही असला तरी सगळे हार्टिंगच म्हणतात. एक ६ पिनचा पॉवरला, ४ कोर अडीच स्क्वेअर (आत चार वायरी, प्रत्येकी अडीच चौरस मिमी). दुसरा २४ पिनचा सेन्सर आणि व्हॉल्व्हला. ट्रॉली दिवसातून पंधरावीस वेळा काढायची घालायची, आणि ऑपरेटर लोक कनेक्टर काढायच्या आधीच ट्रॉली ओढतात, कितीही सांगा.

तर झालं असं की अशाच एका हिसक्यात पॉवरच्या हुडमधून अख्खा ग्लँड निघून आला. केबल ग्लँडमध्ये घट्टच होती, पण ग्लँडच हुडमधून सुटला. आतल्या वायरी ताणल्या गेल्या, अर्थची वायर टर्मिनलमधून निसटली आणि एका फेजचं इन्सुलेशन हुडच्या आट्यांवर घासून सोललं गेलं. म्हणजे हुडला फेज, ट्रॉलीला फेज, आणि अर्थ गायब. ट्रॉलीची चाकं पीयूची, म्हणजे वीज न वाहणारी. पोराने हात लावला.

२४ पिनवाल्याचं दुखणं वेगळं. तिथे ग्लँड जागेवर आहे पण केबल त्यातून सरकते, महिन्यातून एकदा तरी एखादी पिन सुटते आणि मशीन बंद. आमच्या आधीच्या वायरमनने केबलवर टेप गुंडाळून ग्लँड आवळलेला दिसतोय.

आता सगळे ग्लँड बदलायचे ठरवलंय. नायलॉन घेऊ का ब्रास? साइज कशी ठरवायची? आणि नुसता ग्लँड बदलून भागेल का?

बुधवारपेठी_दुकानदार

पाना दादा, पोरगं सुखरूप आहे ना, ते महत्त्वाचं.

तपकीर गल्लीत १४ वर्षं दुकान आहे, ग्लँड रोज विकतो. एक काम करा, सुटून आलेल्या ग्लँडच्या आट्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि इथे लिहा. हुडवर आत कुठेतरी एम२० असं कोरलेलं असेल तर तेही बघा. मला जो संशय आहे तो खरा निघाला तर अर्धं उत्तर तिथेच आहे.

भोसरी_पाना

मोजला. २०.३ आला, आटे खरवडलेत म्हणून नक्की सांगता येत नाही. हुडवर एम२० आहे.

बुधवारपेठी_दुकानदार

तेच. तुमच्या हुडला एम२० चे आटे आणि बसवलाय पीजी १३.५ चा ग्लँड. आपल्याकडे गिऱ्हाईक येतं ते "पीजी ग्लँड द्या" असंच म्हणतं, नायलॉनच्या कुठल्याही ग्लँडला पीजी म्हणायची सवय पडलीय, पण पीजी हा वेगळा आटा आहे, जुना जर्मन. १३.५ हा आकडा आट्याचा व्यास नाहीच, पीजी १३.५ चा बाहेरचा व्यास २०.४ मिमी आणि इंचाला १८ आटे, म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.४१. एम२० चा व्यास २० आणि पिच १.५. फरक डोळ्याला दिसत नाही. नायलॉन मऊ, म्हणून पाना लावून जोर केला की दोनतीन आटे आत जातो आणि घट्ट बसल्यासारखा वाटतो, खरं तर तो अडकलेला असतो, बसलेला नसतो. हिसका आला की आटे सोलून बाहेर.

उलटंही होतं, जुन्या पीजीच्या हुडमध्ये एम२० चा ब्रास ग्लँड घालतात, तो सुरुवातीला ढिला जातो आणि पुढे पिच न जुळल्याने आवळतो. युरोपात २००० सालाच्या आसपास पीजी मागे पडून मेट्रिक आलं पण आपल्या बाजारात दोन्ही शेजारीशेजारी डब्यांत आहेत आणि मशीन पण जुनी-नवी मिसळलेली. लक्षात ठेवायचं तर पीजी ११ म्हणजे १८.६, पीजी १६ म्हणजे २२.५, पीजी २१ म्हणजे २८.३, पीजी २९ म्हणजे ३७. मेट्रिक सोपं, नावातच व्यास असतो, १६, २०, २५, ३२, ४०, ५०, ६३, आणि ग्लँडमध्ये पिच सगळ्यांना १.५.

हाताने पहिले चार आटे सहज गेले नाहीत तर पान्याला हातच लावायचा नाही. माझ्या गिऱ्हाइकांना मी हे दर वेळी सांगतो.

वायरिंगताई

पाना दादा, वाचूनच अंगावर काटा आला. मी पॅनल शॉपमध्ये वायरिंग बघते, आमच्याकडे १२ मुली हार्नेस करतात, त्यामुळे २४ पिनच्या केबलबद्दल मी बोलते.

तुमच्या सिग्नल केबलचा ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, किती आहे आणि ग्लँड कुठला? टेप गुंडाळलीय म्हणजे केबल ग्लँडच्या रेंजच्या खाली आहे हे नक्की. बाजारातला साधा एम३२ बऱ्याचदा १८ ते २५ मिमी केबल धरतो, एम२५ धरतो १३ ते १८, एम२० धरतो १० ते १४. मेकनुसार हे बदलतं, काहींची रेंज जास्त मोठी असते, म्हणून कॅटलॉग बघूनच घ्या. पण कोरांच्या संख्येवरून किंवा स्क्वेअरवरून ग्लँड काढू नका, त्याच ४ कोर अडीच स्क्वेअरची पीव्हीसी केबल आणि रबर केबल यांच्या ओडीत बराच फरक पडतो. मोजायची केबल. आणि एका ठिकाणी नाही, केबल पूर्ण गोल नसते, दोन दिशांनी मोजायची.

टेप का चालत नाही तर टेपचा गोंद कूलंटने आणि उष्णतेने सुटतो, मग केबल टेपच्या आत सरकते, ग्लँड टेपला धरून बसतो आणि केबल मोकळी. वरून बघणाऱ्याला वाटतं सगळं टाइट आहे.

भोसरी_पाना

ताई, १६.४ आणि १६.७ आला. ग्लँड एम३२ आहे. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच.

हुड एम३२ चाच आहे, मग एम२५ कसा लावू? हुड बदलायचा का?

वायरिंगताई

नाही बदलायचा. दोन रस्ते आहेत. एक, एम३२ ते एम२५ रिड्यूसर, ब्रासचा मिळतो, ओ-रिंगसकट, त्यात १३ ते १८ वाला एम२५ ग्लँड. तुमची केबल साडेसोळा म्हणजे रेंजमध्ये व्यवस्थित. दुसरा, एम३२ चाच ग्लँड पण आत लहान रबर असलेला, रिड्यूसिंग सील म्हणून वेगळा मिळतो. मी दुसरा घेईन कारण रिड्यूसरने उंची वाढते, कनेक्टरच्या वर लांब दांडा तयार होतो आणि ट्रॉली आपटली की तिथेच वाकतो. रेंजच्या अगदी टोकाला असलेली केबल टाळायची, मधोमध असेल तर रबर चारी बाजूंनी सारखं दाबतं.

आणि केबलचं बाहेरचं जॅकेट ग्लँडच्या आत ५-१० मिमी पुढे आलेलं दिसलं पाहिजे. आमच्याकडे नवीन मुली जॅकेट जास्त सोलतात, मग ग्लँड सुट्या कोरांना धरतो, ते धरणं धरणं नाहीच.

चाकण_नाईट

वरच्या दोघांचं सगळं बरोबर. मी मेंटेनन्सला आहे, चाकणला. एक गोष्ट जोडतो जी मला फार उशिरा कळली.

आयपी ६७ लिहिलेला ग्लँड घेतला की काम झालं असं आपण समजतो. आयपीचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६७ म्हणजे धूळ अजिबात नाही आणि १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी त्रास होईल इतकं पाणी आत नाही. यात केबल ओढल्यावर काय होईल याचा शब्दही नाही! केबल धरून ठेवायची ताकद वेगळी तपासतात, त्याचं स्टँडर्ड आयईसी ६२४४४, त्यात धरून ठेवण्याचे प्रकार दिलेत, त्यातला टाइप ए हलका आणि टाइप बी जास्त ओढ आणि पीळ सहन करणारा. डेटाशीटमध्ये टाइप बी आहे का बघा, ट्रॉलीला तोच पाहिजे. ग्लँडचं रबर पाणी अडवतं, आणि बाहेरची बोटं, ते नायलॉनचे दात असतात ना डोमच्या (बाहेरून आवळायच्या नटाच्या) आत, ते केबल धरतात. अगदी स्वस्तातल्या काही ग्लँडमध्ये हे दात इतके तोकडे असतात की डोम पूर्ण आवळला तरी ते केबलला टेकतच नाहीत.

आणखी एक, केबल जिथे वाकते तिथे साधा ग्लँड काही महिन्यांनी केबल तोडतो, ग्लँडच्या तोंडाशीच, आतल्या आत, वरून काही दिसत नाही. त्यासाठी शेपटीवाला ग्लँड येतो, पुढे नायलॉनची स्प्रिंगसारखी सर्पिल शेपटी, किंवा कर्ण्यासारखं तोंड असलेला आणि बाहेरून दोन स्क्रूंचा क्लॅम्प असलेला. आमच्या रोबोच्या फिक्स्चरला दोन स्क्रूवालाच टिकला.

सिंहगडरोड

मी यातला नाही, पण वाचतोय आणि वाचनखूण साठवली. एक प्रश्न, नायलॉन का ब्रास याचं उत्तर कुणी दिलं नाही.

बुधवारपेठी_दुकानदार

देतो. ब्रास महाग म्हणून चांगला असं नाही. आपल्याकडचा बराचसा ब्रासचा माल जामनगरचा असतो, निकल प्लेटिंग केलेला, मजबूत, ट्रॉली आपटली तरी तुटत नाही आणि मेटल हुडमध्ये आटे नीट धरतो. म्हणून पाना दादांनी ब्रासच घ्यावा. नायलॉन हलका, गंजत नाही, पण उन्हात बाहेर असेल तर काळाच घ्यायचा, करडा उन्हाने ठिसूळ होतो. आणि जास्त आवळला तर डोमला चीर जाते.

बॉडीपेक्षा आतल्या रबराकडे लक्ष द्या. तेल-कूलंट असेल तर नायट्राइल, म्हणजे एनबीआर. ईपीडीएम पाण्याला आणि उन्हाला उत्तम पण खनिज तेलात फुगतं आणि लिबलिबीत होतं. खूप उष्णता असेल तर सिलिकॉन. गिऱ्हाईक बॉडीचं मटेरियल विचारतं, रबराचं कुणी विचारत नाही.

एक गोंधळ अजून. आर्मर्ड केबलचे सिंगल कंप्रेशन, डबल कंप्रेशन ब्रास ग्लँड हे वेगळं प्रकरण, ते पोलादी तारांचं कवच पकडतात. फ्लेक्झिबल केबलला ते नकोत. "ब्रास ग्लँड द्या" म्हटलं की काही दुकानांत तेच काढून देतात.

निवृत्त_फोरमन

सगळ्यांनी ग्लँडबद्दल छान लिहिलंय, पण पाना, तुझ्या अपघातातली सगळ्यात गंभीर गोष्ट ग्लँड नाही. अर्थ आधी सुटली, ही आहे.

कनेक्टरच्या आत अर्थची वायर बाकी वायरींपेक्षा लांब ठेवायची, तिला झोल द्यायचा. म्हणजे ग्लँड फेल झाला, केबल खेचली गेली, तर आधी फेज ताणले जातील, सुटतील, मशीन बंद पडेल, आणि अर्थ शेवटपर्यंत टिकेल. औद्योगिक प्लगांच्या बाबतीत स्टँडर्ड हेच सांगतं आणि साध्या तीन पिन प्लगलाही हाच नियम. माझ्या गुरूने १९७८ साली मला पहिल्या आठवड्यात शिकवलेली ही गोष्ट. आम्हाला ते प्लग उघडायला लावायचे, अर्थ आखूड दिसली की अख्खा प्लग कापून परत करायला सांगायचे. आज ॲप्रेंटिसला हे कुणी उघडून दाखवत नाही याचं मला फार वाईट वाटतं. सगळ्या वायरी एका मापात कापल्या की सुबक दिसतात, फोटो चांगला येतो, पण सुबकपणा इथे घातक आहे.

तुझ्या केसमध्ये अर्थ लांब असती तर फेज हुडला लागल्यावर एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) तिथेच पडला असता, पोराने हात लावायच्या आधी.

दुसरं, मल्टीस्ट्रँड वायरीच्या टोकाला शिसं लावून स्क्रूखाली दाबली आहे का बघ. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू ढिला होतो, आणि मग थोड्या ओढीला वायर निसटते. फेरूल लाव, म्हणजे टोकावर दाबून बसवायची धातूची नळी.

भोसरी_पाना

काका, आत्ता जाऊन उघडून बघितलं. अर्थ बाकीच्यांपेक्षा ८-१० मिमी आखूड होती. आणि हो, शिसं लावलेलं आहे.

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. उद्यापासून शॉपमधला प्रत्येक कनेक्टर उघडणार. त्या पोरालाच बरोबर घेणार आहे.

मांडवाचा_वायरमन

आमच्याकडे कनेक्टर वेगळे, लाल ६३ अँपचे पाच पिनचे गोल प्लग, पण दुखणं तेच. गणपतीत १० दिवस जनरेटरपासून मंडपापर्यंत केबल टाकतो, वर पाऊस, खाली गर्दी, आणि गर्दीत कुणाचा तरी पाय अडकतोच. आम्ही केबलचा ताण प्लगपर्यंत येऊच देत नाही. प्लगच्या दोन फूट आधी केबलला दोरीची गाठ मारून ती जनरेटरच्या ट्रॉलीला नाहीतर खांबाला बांधतो आणि पुढे प्लगपर्यंत थोडा झोल. हिसका आला तर दोरी खेचली जाते, प्लगला कळतही नाही. केबल प्लगच्या खालून वर येईल अशी सोडायची, म्हणजे पाणी केबलवरून वाहत प्लगमध्ये न जाता खालीच ठिबकतं. पीव्हीसी केबल वापरत नाही, रबरच, ती थंडीपावसात कडक होत नाही आणि क्लॅम्पमध्ये नीट रुतते.

तुमच्या ट्रॉलीला पण हेच करता येईल की, ट्रॉलीला नाही तर पॅनलच्या बाजूला एक आकडा लावा आणि तिथून ट्रॉलीपर्यंत केबलच्या लांबीपेक्षा आखूड साखळी. ट्रॉली ओढली तर साखळी आधी ताणेल.

चाकण_नाईट

मांडववाल्यांना +१. साखळीची आयडिया एक नंबर. ऑपरेटरला किती सांगणार, त्याच्यावर प्रॉडक्शनचं प्रेशर असतं, ट्रॉलीच थांबली पाहिजे.

लटकत्या केबलसाठी अजून एक सांगतो. वरून खाली लोंबणारी केबल असेल, क्रेनचा पेंडंट (लोंबता बटणांचा डबा) किंवा वरचा सॉकेट, तर तिथे ग्लँडवर भरवसा ठेवू नका, जाळीचा केबल सॉक्स लावा. स्टीलच्या तारेची विणलेली नळी असते, केबलवर चढवायची, वरच्या डोळ्याला हुक. खाली जितकं वजन तितकी जाळी केबलला आवळते, आणि पकड फूटभर लांबीवर पसरते, एका जागी चावत नाही. हिशोब करून बघा, ५ कोर ६ स्क्वेअर म्हणजे ३० स्क्वेअर मिमी तांबं, मीटरला पाव किलोच्या वर. ८ मीटर लोंबली तर नुसतं तांबंच २ किलोच्या पुढे, त्यावर रबराचं वजन वेगळं, आणि त्याला धरून माणूस ओढतो ते वेगळंच. सॉक्स केबलच्या ओडीप्रमाणे आणि वजनाप्रमाणे घ्यायचा, सैल घेतला तर घसरतो.

वायरिंगताई

दोन लहान गोष्टी राहिल्या. एक, ट्रॉलीवर व्हीएफडीची (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) मोटर असेल आणि केबल शील्डवाली (आत धातूच्या जाळीचं आवरण असलेली) असेल तर ईएमसी ग्लँड घ्या, जो शील्डला गोल सगळीकडून पकडतो. शील्डची शेपटी वळून अर्थला जोडली तर जास्त फ्रीक्वेन्सीला ती नीट काम करत नाही, सेन्सर उगाच ट्रिगर होतात.

दोन, आवळताना ग्लँडची बॉडी एका पान्याने धरायची आणि डोम दुसऱ्याने फिरवायचा, नाहीतर बॉडीबरोबर केबल आत पिळते. टॉर्क कंपनीने दिलेला असतो, तेवढाच. पीव्हीसी दाबाखाली थोडी बसते म्हणून दुसऱ्या दिवशी एकदा परत चेक करायचा. आणि पिना लावायच्या आधी डोम, ग्लँड, हुड हे सगळं केबलवर ओवून घ्या दादा, २४ पिना लावल्यावर आठवलं तर संध्याकाळ जाते.

निवृत्त_फोरमन

हुडचा रंगही बघ रे. वॉशिंगचं पाणी अल्कलाइन असतं, ॲल्युमिनियमच्या हुडचा रंग उडाला की तिथे पांढरी पूड धरते आणि आटे खाल्ले जातात. आटे गेलेल्या हुडमध्ये कितीही चांगला ग्लँड घातला तरी तो सुटणार. असा हुड सरळ बदल.

भोसरी_पाना

अपडेट देतो. गुरुवारी सुट्टीला मशीन बंद ठेवून सगळं केलं.

पॉवरच्या हुडचे आटे काका म्हणाले तसे खाल्लेले निघाले, हुड नवीन टाकला, एम२०, ब्रास, टाइप बी, एनबीआर रबर. केबल ११.८, रेंज १० ते १४. सिग्नलला एम३२ मध्ये रिड्यूसिंग सील, ताईंनी सांगितल्याप्रमाणे. अर्थ सगळीकडे बाकीच्यांपेक्षा बोटभर लांब, फेरूल लावून. पॅनलच्या बाजूला आकडा वेल्ड केला आणि केबलपेक्षा एक फूट आखूड साखळी.

शॉपमधले ३१ कनेक्टर उघडले. ९ मध्ये अर्थ आखूड होती. ४ हुडमध्ये पीजी आणि मेट्रिक मिसळलेले. हे आकडे लिहिताना हात जड होतोय, पण लिहितो, कुणीतरी आपला शॉप उघडून बघेल.

अर्थ लांब कापायचं काम त्या पोरानेच केलं. प्रत्येक केबलवर ग्लँडच्या तोंडाशी त्याने पांढऱ्या मार्करने रेघ मारलीय, केबल सरकली तर रेघ ग्लँडपासून लांब दिसेल. तीन दिवस झाले, सगळ्या रेघा जागेवर आहेत.

क्रेनच्या पेंडंटचा ओडी १८.५ आहे, तिथे सॉक्स लावायचा राहिलाय. दुकानदार दादा, सोमवारी दुपारी येतो, एका डोळ्याचा, त्या ओडीला बसेल असा, दोन नग काढून ठेवा.

बुधवारपेठी_दुकानदार

ठेवतो. येताना पेंडंटच्या केबलचा हातभर तुकडा घेऊन या, चढवून बघू आणि मगच न्या.